मदत हवी आहे: अर्धवट मॉडिफाय केलेली जुनी एफसी-१५० पिकअप घेऊ का?

मंडळी, नाशिकच्या अंबडला एका गॅरेजमधे १९७२ ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप उभी आहे, मूळ पेट्रोल इंजिन काढून प्यूजोचं डिझेल बसवलंय, काम अर्धवट आणि मालक साडेतीन लाख म्हणतोय. जीव अडकलाय गाडीत, खरं सांगतो. पण आरसीवर अजून पेट्रोलच आहे! मालक म्हणतो विंटेज नंबर (जुन्या गाड्यांचा खास नोंदणी क्रमांक) मिळेल, पण २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमात ५० वर्षं झाली असली तरी इंजिन, चासी (गाडीचा सांगाडा), बॉडीत मोठा बदल चालत नाही ना? एमएच-१५ ला, म्हणजे नाशिक आरटीओत, कोणी इंधनबदल आरसीवर चढवून घेतलाय का? आणि चासीचं वेल्डिंग, गंज, गिअरबॉक्सचं माउंटिंग, ब्रेक यात आधी काय तपासू? कोणी जाणकार रविवारी सोबत आलं तर फार बरं होईल.