ऑनलाइन रिसीव्हरसाठी मिनी-व्हिप की लूप?

प्रश्न: १० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ ऐकणारा माझा किवीएसडीआर (संगणकाद्वारे चालणारा रेडिओ रिसीव्हर) इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे, परंतु छतावरील मिनी-व्हिपवर (ॲम्प्लिफायर असलेल्या छोट्या अँटेनावर) मध्यम लहरींची दूरची केंद्रे रात्रीसुद्धा खरखरीत बुडतात. अँटेना बदलावा का?

उत्तर १: घाई करू नये. मिनी-व्हिप विद्युतक्षेत्र टिपतो आणि त्याला रिसीव्हरशी जोडणाऱ्या कोॲक्स केबलचे बाह्य आवरण नकळत त्याचाच भाग बनते, त्यामुळे घरातील स्विचिंग पॉवर सप्लायची (चार्जर, अडॅप्टर इत्यादींची) खरखर थेट रिसीव्हरपर्यंत पोहोचते. केबलचे दहा-बारा वेढे फेराइट रिंगवर (आवरणावरून येणारी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) घ्यावेत आणि अँटेनाच्या पायथ्याशी स्वतंत्र अर्थिंग करावे.

उत्तर २: मी लूपच (तारेच्या वेढ्याचा अँटेना) निवडेन. तो फिरवून खरखरीचा उगम शून्य दिशेत, म्हणजे जिकडून लूप जवळजवळ काहीच टिपत नाही त्या दिशेत, आणता येतो. मात्र त्याच दिशेची केंद्रेही क्षीण होतात.

प्रश्नकर्ता: आधी फेराइट लावून पाहतो.