१९६६ च्या एमजीबीत सहा सिलिंडरचं इंजिन टाकावं का? माझं मत: टाकावं

वाळूजचा टूलरूमवाला (छत्रपती संभाजीनगर)

विषय आठ महिने डोक्यात घोळतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

आईच्या मामांनी हैदराबादेत घेतलेली १९६६ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या इंग्रजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात दौलताबादच्या घाटात ती तापली. मागून पांढरा धूर निघाला, तेलात पाणी उतरलं. इंजिन खोललं तेव्हा हेडला दोन एक्झॉस्ट सीटच्या मधोमध तडा होता आणि ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत बोटभर क्षार साचलेला. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतल्याचा हा परिणाम. चौथ्या सिलिंडरजवळ ब्लॉकलाही केसासारखी रेघ दिसते.

माझ्या ओळखीत बीएमडब्ल्यूची एक अपघातातली गाडी आहे. तिचं २४९४ सीसीचं सहा सिलिंडर इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग एकत्र मिळतंय. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, ताकद १९२ अश्वशक्ती. माझं मूळचं १७९८ सीसीचं इंजिन नवं असतानाही ९५ च्या आसपासच होतं.

हा गाडीचा अपमान आहे असं मला वाटत नाही. छोट्या इंग्रजी कारखान्यांनी स्पोर्ट्स कार अशाच घडवल्या. १९६७ मध्ये एमजीनं स्वतः याच गाडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडर बसवून एमजीसी काढली. त्याच वर्षी ट्रायम्फनं टीआर४ए चं २१३८ सीसीचं चार सिलिंडर काढून २४९८ सीसीचं सहा बसवलं आणि टीआर५ आली. एसी कंपनीच्या एस (Ace) गाडीत आधी कंपनीचं स्वतःचं सहा सिलिंडर होतं, मग ब्रिस्टलचं आलं, मग फोर्ड झेफिरचं २५५३ सीसीचं. त्याच सांगाड्यात कॅरोल शेल्बींनी फोर्डचा व्ही८ टाकला आणि कोब्रा जन्माला आली. त्या वेळी ‘मूळ इंजिनच ठेवा’ म्हणून कुणी अडवलं असतं तर?

शिवाय ही गाडी मला चालवायची आहे. जालन्याला समृद्धीवरून जातो तेव्हा चौथ्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांवर (आरपीएमवर) ओरडत असतं.

विरोधी मतं जरूर मांडा. कारणासह मांडा, एवढीच विनंती.

जालन्याचा फिटर

भाऊ, तुमचं इंजिन मेलेलं नाही. तुम्ही त्याला मेलेलं धरून चाललात, तिथंच माझा विरोध आहे.

मी तेहतीस वर्षं इंजिनं बांधली, त्यातली निम्मी अम्बॅसडरची. अम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची तेव्हाची मालक कंपनी) बी-सिरीजची. सख्खे भाऊच म्हणा. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) दोघांचा ८८.९ मिमी. बोअर (सिलिंडरचा व्यास) तेवढा ७३ चा ८०.२६ झाला. एमजीबीच्या आधीची एमजीए आली तीसुद्धा १४८९ सीसीची होती. तुम्ही लंडनच्या गाडीचं इंजिन समजून घाबरायलात, पण त्याची नस आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या मिस्त्रींना ठाऊक आहे. टॅपेट, पुशरॉड, टायमिंग चेन, एसयू कार्बोरेटर, सगळं हाताखालून गेलेलं. अम्बॅसडरचा प्रत्येक भाग तुम्हाला लागेल असं नाही, पण इंजिन बांधायची रीत तीच.

डोळ्याला दिसलेली रेघ म्हणजे तडाच असं नसतं. आधी ब्लॉक गरम टाकीत टाका, सगळा क्षार निघू द्या. मग पोकळी बंद करून हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर तडा, नाही आले तर ओरखडा. तडा सिलिंडरच्या भिंतीत असेल तर बोअर करून लायनर (आतून नवी नळी) बसतो. बाहेरच्या भिंतीत असेल तर धातूचे टाके घालून बंद होतो. बिडाला (ओतीव लोखंडाला) घाईनं वेल्डिंग मात्र मारू देऊ नका, शेजारीच दुसरी भेग जाते. हेड दुसरं घ्यावं लागेल. ते बाहेरून मागवता येतं, लई दुर्मीळ नाही.

आणि एक सांगतो. क्षारानं बिडाचं इंजिन गेलं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं आणताय, पण अ‍ॅल्युमिनियमला बोअरचं पाणी आणखी लवकर खातं. सवय बदलली नाही तर नवंही जाणार.

लातूरची मास्तरीण

मी ऑटोमोबाईल शिकवते, त्यामुळे एमजीसीचं उदाहरण अर्धवट सोडलेलं मला चालणार नाही.

एमजीसीचं सहा सिलिंडर मूळ चारपेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होतं, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं. इंजिन मावेना म्हणून पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) बदलला. कॉइल स्प्रिंग काढून टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) दिले, टेलिस्कोपिक शॉकअ‍ॅब्सॉर्बर दिले, चाकं चौदाची पंधरा इंची केली, बॉनेटला फुगवटा काढावा लागला. एवढं करूनही त्या काळच्या परीक्षणांत तक्रार हीच, की गाडी वळणात नाक बाहेर टाकते. १९६९ मध्ये ती बंद झाली. एकूण नऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या.

त्याच कंपनीनं १९७३ मध्ये एमजीबी जीटीत (बंद टपाच्या एमजीबीत) रोव्हरचा ३५२८ सीसीचा व्ही८ बसवला. तो अ‍ॅल्युमिनियमचा असल्यानं मूळ चारपेक्षा फारसा जड नव्हता, आणि लांबीनंही आखूड. त्या गाडीच्या वळण्याला कुणी फारशी नावं ठेवली नाहीत.

म्हणजे सिलिंडर किती, हे फार महत्त्वाचं नाही. वजन किती आणि ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या किती पुढं जाऊन बसतं, हे बघायचं. तुमचं बीएमडब्ल्यूचं इंजिन हलकं आहे हे मान्य. पण ओळीतलं सहा लांबच असतं. ते मागं सरकवायचं तर फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधली पत्र्याची भिंत) कापावी लागेल. पुढं ठेवलं तर रेडिएटर आणखी पुढं ढकलावा लागेल, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो.

टीआर५ बद्दलही थोडं. ट्रायम्फला वेगळी चासी होती. एमजीबीला चासीच नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. तिथं कटर लावण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो.

बीडचा गाडीवान

मी टूलरूमवाल्या दादांच्या बाजूनं आहे.

आमच्या भागात इंजिन बदलणं ही नवी गोष्ट नाही. पेट्रोल महागलं तेव्हा किती अम्बॅसडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल बसलं, किती जीपांची इंजिनं बदलली! त्या गाड्यांनी पुढं वर्षानुवर्षं मांजरसुंब्याच्या घाटात वऱ्हाडं वाहिली. ज्यांनी इंजिन बदललं नाही त्यांच्या गाड्या गोठ्यात उभ्या राहून गंजल्या. बाभळीखाली उभ्या असलेल्या मूळ इंजिनाच्या गाडीला ‘अस्सल’ म्हणून मान द्यायचा, आणि रोज धावणाऱ्या गाडीला ‘बिघडवलेली’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

दादांची गाडी आहे. आईच्या मामांची आठवण गाडी चालण्यात आहे, ब्लॉकवरच्या नंबरात नाही.

परभणीचा जीपवाला

सहाच टाकायचं तर लष्कराच्या जोंगा गाडीचं का नाही? ३९५६ सीसी, ११० अश्वशक्ती, ना कॉम्प्युटर ना सेन्सर. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचं सामान अजून सापडतं. बीएमडब्ल्यूचं वायरिंग बिघडलं तर परभणीत काय, संभाजीनगरातही माणूस शोधत फिरावं लागेल.

जालन्याचा फिटर

जीपवाले भाऊ, जोंगाचं इंजिन मी उचललंय, ते अख्खं बिडाचं आहे. एमजीबी सगळी मिळून सव्वानऊशे किलोंच्या आसपास. तिच्या नाकावर ते ठेवलं तर मास्तरीणबाईंनी सांगितलेली एमजीसी बरी म्हणायची वेळ येईल. वायरिंगचं म्हणणं मात्र खरं आहे. टूलरूमवाले, त्या इंजिनाला स्वतःच्या चावीची ओळख लागते. कंट्रोल युनिट, चावी, इमोबिलायझर सगळं एकाच गाडीचं असेल तरच ते सुरू होणार. आणि तुमची गाडी १९६६ ची, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला अर्थ केलेलं. ते आधी उलटं करावं लागेल.

गाडीवान भाऊ, तुमच्या वऱ्हाडाच्या गाड्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांतली काही इंजिनं मीच बसवली. पण ती पोटासाठी होती. आणि अम्बॅसडरला अम्बॅसडरइतकाच वेग हवा होता. इथं ताकद दुप्पट होणार. १९६६ च्या रोडस्टरला मागं बॅन्जो नावाच्या जुन्या प्रकारचा अ‍ॅक्सल आहे, तो सुमारे दीडशे न्यूटन-मीटर टॉर्कसाठी (पिळाच्या जोरासाठी) बनवला. नवं इंजिन २४५ देतं. एकदा जोरात क्लच सोडला की हाफ शाफ्ट (मागचं चाक फिरवणारा दांडा) गेला. मागचे ब्रेक ड्रमचे, पुढच्या डिस्क लहान. म्हणजे अ‍ॅक्सल बदला, ब्रेक बदला, प्रॉपेलर शाफ्ट नवा करा, फाउंडेशन (इंजिनाच्या बैठका) नवी वेल्ड करा. आईच्या मामांच्या गाडीतलं मग उरलं काय? दारं आणि डिकी.

नांदेडचा वकील

कायद्याचा मुद्दा अजून कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्यासाठी त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यातून बाद. तुमची १९६६ ची गाडी आज त्या दारात उभी आहे. इंजिन बदललंत की ते दार बंद. अपघात झाला तर विमा कंपनीही पहिल्यांदा इंजिन नंबरच बघेल.

वाळूजचा टूलरूमवाला

वकीलसाहेब, व्हिंटेज नियमाचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण एक विचारतो. काहीही न कापता, मूळ जागांवरच बोल्ट होतील अशी फाउंडेशन मी स्वतः टूलरूममध्ये बनवली आणि मूळ इंजिन ग्रीस लावून जपून ठेवलं, तर पुढं कधीही गाडी मूळ रूपात येईल. एवढंही चालणार नाही?

आणि नियमानुसार व्हिंटेज गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, हे खरं ना? मग मी वेरूळला सकाळी चहाला जायचं तर तोही नियमभंगच. माझा झगडा याच गोष्टीशी आहे.

नांदेडचा वकील

खरं आहे, रोजच्या वापराला व्हिंटेज नोंदणी नाही. रोज चालवायची तर साधी नोंदणी चालू ठेवा, पण मूळ इंजिनासह. गोदामात काय ठेवलंय ते कायदा बघत नाही, बॉनेटखाली काय आहे ते बघतो.

लातूरची मास्तरीण

तुमची खरी तक्रार काय, ते मी पुन्हा वाचलं. शंभरला साडेतीन हजार. ही तक्रार ताकदीची नाही, गिअरची आहे.

ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नसलेल्या एमजीबीला चौथ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला साधारण २९ किमी वेग मिळतो. लेकॉक कंपनीच्या ओव्हरड्राइव्हनं तोच ३५-३६ वर जातो. म्हणजे शंभरला २८०० च्या जवळ. आणि तो बाहेरचा जुगाड नाही. १९६६ मध्ये कारखानाच तो पर्याय म्हणून देत होता. जुना ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स इंग्लंडमधून दुरुस्त करून येतो. खर्च आहे, पण बीएमडब्ल्यूचं इंजिन, अ‍ॅक्सल, ब्रेक, वायरिंग आणि रेडिएटर यांची बेरीज करून बघा.

समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. नीट बांधलेली ९५ अश्वशक्तीची एमजीबी तिथवर सहज जाते. १९२ घेऊन तुम्ही त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगानं जाणार.

बीडचा गाडीवान

ताई, ओव्हरड्राइव्हचं मान्य. पण सगळं वेगासाठीच नसतं. कन्नडच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, पाय न दाबता गाडी वर ओढली जाते, ते सुख सहा सिलिंडर देतं. चार देत नाही. दादांना ते हवं असेल तर त्यात चुकीचं काय?

वाळूजचा टूलरूमवाला

गाडीवान दादा, तेच हवं होतं. मी खोटं बोलणार नाही, सहा सिलिंडरचा तो गुळगुळीत ओढा एका मित्राच्या गाडीत अनुभवला आणि तेव्हापासून मन त्यातच अडकलं.

पण अ‍ॅक्सलचा आणि व्हिंटेजचा मुद्दा मला खोडता येत नाहीये. शिवाय आईला विचारलं. ती म्हणाली, मामा हैदराबादहून यायचे तेव्हा गाडी दिसायच्या आधी आवाज ओळखू यायचा. हे तिनं मला यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं.

अपघातातल्या गाडीच्या मालकाला पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. फिटरकाका, ब्लॉक तुमच्याकडे आणू का? फुटका निघाला तर मी सहाचा विचार पुन्हा करणार, हे आत्ताच सांगतो.

जालन्याचा फिटर

आणा. येत्या रविवारी या, सकाळी गरम टाकी मोकळी असते. एकटा ब्लॉक आणू नका, क्रँक आणि पाचही मेन बेअरिंगच्या कॅपा सोबत आणा. काढतानाच पुढून मागं एक ते पाच नंबर पंचानं ठोका आणि बाण पुढच्या बाजूला करा. कॅपांची अदलाबदल झाली तर लाइन बोअरिंगचा (सगळ्या बेअरिंगच्या जागा पुन्हा एका रेषेत कापायचा) खर्च विनाकारण वाढतो. पिस्टन जसे निघाले तसे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आणि त्या रेघेवर खडूनं खूण करा, पण तार किंवा सुई घालून उकरून बघू नका.

परभणीचा जीपवाला

टूलरूमवाले, बुडबुडे आले का नाही ते रविवारीच इथं टाका. मीही बघायलोय.