देव ट्रकात चढवू नका

फौजेतल्या बदलीसाठी घर बांधताना ‘देवघर सगळ्यात शेवटी भरा’ असं सांगतात ते पटतं, पण ते ट्रकात मात्र नको. सामान मागून पोचतं, क्वार्टर (सरकारी घर) लगेच मिळतंच असं नाही, आणि गेस्टरूममधले ते मधले दिवस मुलांना फार जड जातात. टाक आणि बाळकृष्ण मऊ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून स्टीलच्या डब्यात, हातातल्या पिशवीत घ्या. टाक पातळ पत्र्याचे असतात, एकमेकांवर घासले की उठाव झिजतो. निरांजनातलं तेल आदल्या दिवशीच काढून पुसा. समई पेच फिरवून सुटी करा. अखंड बांधली तर दांडा वाकतो. पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तोच दिवा, नेहमीच्या वेळी तीच शुभंकरोति. तो डबा मुलालाच उघडू द्या. मित्र सुटल्याचं रडू तेव्हाच येतं बहुतेक, येऊ द्या.

युनिटच्या (पलटणीच्या) धर्मगुरूंचाही उल्लेख करायला हवा. ते जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या) हुद्द्याचे असतात, आणि मंदिर परेडपुरते, म्हणजे युनिटच्या सामूहिक पूजेपुरतेच नसतात. नवरा फील्डला (कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी) गेल्यावर ‘देवावर राग येतो’ हेसुद्धा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं.