मदत हवी आहे: १८८८ ची मुंबई, प्रॉन्ग्सचं दीपगृह आणि अर्ध्या तासाचा घोळ

मंडळी, एक रहस्यकथा लिहायला घेतली होती, तिची आता कादंबरी होत चाललीय. मुख्य ठिकाण कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्स दीपगृह, १८७५ सालचं. ओहोटीला खडकांवरून तिथवर चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. खून पाडायला मुंबईत याहून सोयीची जागा मला तरी दिसली नाही.

काळ १८८८ ची दिवाळी. मुद्दाम निवडलाय, कारण त्यानंतर चार-पाच दिवसांतच कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' बोट उतारूंसकट बेपत्ता झाली. त्या गदारोळात एका बत्तीवाल्याच्या मरणाची चौकशी कोण धड करणार?

भरतीचं गणित जमतंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, या हिशोबाने अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) संध्याकाळी साधारण साडेपाचला, आणि तीही उधाणाची, खडक चांगले उघडे पडणारी. नोव्हेंबरातला सूर्यास्तही तेव्हाच, म्हणजे दिवा लावायची वेळ. इकडे गावात लक्ष्मीपूजन.

अडलंय ते घड्याळापाशी. मुंबईची स्थानिक वेळ तेव्हा आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि रेल्वे मात्र मद्रास टाइमवर चालायची, मुंबईच्या अर्धा तास पुढे. माझा संशयित कुलाबा स्टेशनवर (होय, तेव्हा लोकल थेट कुलाब्याला जायची) गाडीतून उतरतो. स्टेशनमास्तर सांगतो, 'सहाला उतरला'. गावच्या घड्याळात तेव्हा साडेपाचच वाजलेत. पोलीस सहाच धरून चालतात आणि ठरवतात की एवढ्यात पाणी चढायच्या आत हा बत्तीपर्यंत पोचूच शकत नाही.

आता शंका. त्या काळच्या मुंबईकराला हा अर्धा तास पाठच असणार ना? सरकारने १८८१ मध्ये मद्रास टाइम शहरावर लादायचा प्रयत्न केला होता, लोकांनी तो चालू दिला नाही, त्यावरून वाद झाले. इतक्या गाजलेल्या गोष्टीत इन्स्पेक्टर फसला तर वाचक पुस्तक मिटवेल. इन्स्पेक्टर नुकताच विलायतेहून आलेला दाखवला तर चालेल का, की ते फारच सोयीचं होतंय?

दुसरं, कोळीवाड्यातल्या किंवा समुद्राशी नातं असलेल्या कुणी सांगावं: उधाणाच्या सुकतीनंतर अशा खडकांवरून किती वेळ चालता येतं? स्वतः जाऊन बघायचं तर वाट नेव्ही नगरमधून, तिथे सहज सोडत नाहीत.

तिसरं, दिव्याचं. फिरत्या भिंगाला तेव्हा वजनावर चालणारं यंत्र असे, बत्तीवाला रात्रभर त्याला चावी देई. तो मेल्यावर दिवा जळत राहतो पण भिंग थांबतं. जहाजं दीपगृह ओळखतात ते झोताच्या ठरावीक अंतरावरून, तेव्हा बंदरात येणाऱ्या कप्तानाच्या हे लगेच लक्षात येईल ना? तसं असेल तर खुनाची वेळ तिथेच पक्की होते.

आणि हो, 'टेबलावर अर्धवट टाकलेलं जेवण' सुचवू नका. स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटावरून १९०० मध्ये तीन बत्तीवाले नाहीसे झाले, त्यांचं ते जेवण नंतरच्या एका कवितेतून आलंय, खऱ्या तपासात नव्हतं.

घड्याळाचं आधी सांगा, तिसरं प्रकरण तिथेच थांबलंय.