कंपनीचा सगळा मेल बाहेरच्या फिल्टरमधून न्यायचा म्हणतायत, एमएक्स बदलू का?

रबाळे_आयटी
नमस्कार मंडळी. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रबाळेला आमची इंजिनिअरिंग पार्ट्सची कंपनी आहे, साठेक मेलबॉक्स, मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड, आणि आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक. मागे अकाउंट्सला सप्लायरच्या नावाने मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यात करा. डोमेनमध्ये एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, मॅडमनी चष्मा लावून परत बघितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मालक मागे लागलेत की काहीतरी कर. एका वेंडरने कोटेशन दिलंय, म्हणतो एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारी नोंद) फक्त आमच्याकडे फिरवा, सगळा मेल आधी आमच्या क्लाउडवर येईल, आम्ही गाळून तुमच्या ३६५ ला देऊ, अर्ध्या तासाचं काम. आता मला सांगा त्यांचं सर्व्हर बंद पडलं तर मेल जाणार कुठे, आणि ड्रॉइंग, रेट, पगाराच्या शीट सगळं त्यांच्याकडून जाणार म्हणजे ते वाचू शकतात का, आणि हे खरंच अर्ध्या तासाचं आहे का? कोणी केलंय का ठाणे-नवी मुंबईत?

रोडनंबर२२
वागळे इस्टेटमध्ये तीन-चार कंपन्यांचं हेच काम बघतो. एमएक्स बदलायला अर्धा तासही लागत नाही, बाकीचं कोण करणार ते वेंडरला विचार.

आधी सर्व्हर बंद पडण्याचं. मेल लगेच हरवत नाही, पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो रांगेत ठेवून परत परत ट्राय करतो, नियम साधारण चार-पाच दिवस सांगतो, पण काही सर्व्हर त्याआधीच सोडून देतात. उशीर होईल, बोंबाबोंब होईल, पण मेल बहुतेक येईल. उलट तुमचं ३६५ अडलं तर फिल्टरवाले मेल धरून ठेवतात, किती दिवस ते त्यांच्याकडून लेखी घे. आणि बॅकअप म्हणून जुना एमएक्स खालच्या प्रायॉरिटीने ठेवू नकोस, स्पॅमवाले मुद्दाम त्याच रेकॉर्डवर येतात.

आता खरी गोम. एमएक्स फिरवला तरी तुमच्या ३६५ चा मूळ पत्ता, तो शेवटी मेल डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम असलेला, चालूच राहतो. एमएक्स ही फक्त सूचना आहे, सक्ती नाही. ज्याला फिल्टर चुकवायचाय तो डीएनएस (डोमेनच्या नोंदी) न बघता सरळ त्या पत्त्यावर मेल टाकतो आणि तो आत येतो. हे बंद करायला एक्सचेंज ॲडमिनमध्ये पार्टनर टाइपचा इनबाउंड कनेक्टर (मेल कुठून आत घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग) करायचा, सेंडर डोमेनमध्ये स्टार, आणि फक्त फिल्टरच्या सर्टिफिकेटवरून किंवा आयपीवरूनच घे असं सांगायचं. ऑन-प्रिमायसेस टाइपचा केलास तर तो बाकीच्यांना अडवत नाही, दिसायला मात्र सगळं चालू दिसतं. मी नवीन ठिकाणी गेलो की पहिल्यांदा बाहेरून सरळ त्या पत्त्यावर टेस्ट मेल टाकून बघतो, बऱ्याच ठिकाणी आरामात इनबॉक्समध्ये पडतो, आणि तिथे दर वर्षी फिल्टरचं रिन्यूअल भरत असतात!

दुसरं, ३६५ ला आता प्रत्येक मेल फिल्टरच्या आयपीवरून आलेला दिसणार, म्हणजे चांगल्या मेलचाही एसपीएफ (मेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून आलाय का ही तपासणी) फेल. त्यात फिल्टरने लिंक बदलल्या किंवा वर 'बाहेरचा मेल' अशी पट्टी चिकटवली की बॉडी बदलते आणि डीकिमही (मेलवरची डिजिटल सही) तुटतं, मग डीमार्क (या दोन्हींवर ठरणारा निकाल) फेल, आणि बिचारा खरा कस्टमर जंकमध्ये. यावर वेंडर लोक सांगतात की ट्रान्सपोर्ट रूल (३६५ मधून जाणाऱ्या मेलला लागणारा नियम) लावून फिल्टरकडून आलेल्या सगळ्याला स्पॅम स्कोअर उणे एक द्या. ते करू नकोस, त्याने मायक्रोसॉफ्टची स्पॅम तपासणी त्या मेलवर चालतच नाही. त्या कनेक्टरवर एनहान्स्ड फिल्टरिंग चालू कर, मग ते फिल्टरचा आयपी सोडून मागचा खरा आयपी बघतं. डीकिमसाठी वेंडर एआरसी सील (त्यांच्याकडे आला तेव्हा मेल तपासणीत पास होता अशी सही) लावतो का विचार, लावत असेल तर डिफेंडर पोर्टलमध्ये (मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी सेटिंगचं पान) त्याला ट्रस्टेड सीलरमध्ये टाक.

जाणारा मेलही त्यांच्यातून नेणार असाल तर एसपीएफ रेकॉर्डमध्ये त्यांच्या सर्व्हरची नोंद (इन्क्लूड) लागेल. आधी मोज, पेरोलवाला, न्यूजलेटरवाला, सीआरएमवाला असे सगळे घुसलेले असतात आणि दहा डीएनएस लुकअपच्या वर गेलं की एसपीएफच एरर देतो. आणि हो, एमएक्स बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद बाकीचे सर्व्हर किती सेकंद लक्षात ठेवतात तो आकडा) ३०० करून ठेव, आणि शनिवारी संध्याकाळी कर.

डीओवाला_सानपाडा
आम्ही सीएचए (कस्टम्स एजंट), जेएनपीटी बंदराचं काम. आमच्याकडे असा फिल्टर लावला आणि पहिल्याच आठवड्यात शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडायचं पत्र) क्वारंटाइनमध्ये (अडवलेल्या मेलच्या कप्प्यात) जाऊन बसली. सकाळी आठला त्या अडकलेल्या मेलची यादी येते, ती आमच्यात कोणी उघडत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं हीच स्पॅम आहे 😀 पार्टी फोनवर बोंबलतेय डीओ कालच पाठवलीय, आमचा पोरगा रिफ्रेश मारतोय, तिकडे कंटेनरचे फ्री डेज संपले आणि डिटेन्शनचं (कंटेनर जास्त दिवस अडकल्याचं) बिल आलं. झिप अटॅचमेंट आणि पासवर्डवाली पीडीएफ, या दोन गोष्टींवर फिल्टर भडकतो आणि आमचा अर्धा धंदा त्यावरच चालतो. त्यामुळे दादा, आधी दोन-तीन आठवडे फक्त टॅग लावायच्या मोडवर चालव, काही अडवू नकोस. आणि क्वारंटाइन सोडायचे अधिकार अकाउंट्स आणि डिस्पॅचच्या एकेका माणसाला दे, तू सुट्टीवर गेलास तर कंपनी थांबायला नको. पण व्हायरसवाला मेल सोडायचा अधिकार मात्र तुझ्याकडेच ठेव.

घोडबंदरकर
मी जरा उलटं बोलतो. फिल्टर म्हणजे आणखी एक कंपनी जिच्यावर विश्वास ठेवायचा. २०२१ च्या जानेवारीत माइमकास्टचं ३६५ ला जोडायचं सर्टिफिकेटच चोरीला गेलं. २०२३ मध्ये बाराकुडाच्या मेल सिक्युरिटी बॉक्समधूनच हॅकर आत शिरले, शेवटी कंपनीने ग्राहकांना सांगितलं बॉक्सच बदला. २०२४ मध्ये प्रूफपॉइंटच्या ग्राहकांची सेटिंग ढिली होती, कुठल्याही ३६५ खात्यातून आलेला मेल घेत होती, त्यातून डिस्नेसारख्यांच्या नावाने डीकिम सही असलेले लाखो खोटे मेल गेले.

वाचू शकतात का? हो, शकतात. टीएलएस (मेल जाताना होणारं एन्क्रिप्शन) फक्त रस्त्यात आहे, त्यांच्या सर्व्हरवर मेल उघडावाच लागतो, नाहीतर तपासणार काय. डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा २०२३ प्रमाणे डेटा दुसऱ्याकडून प्रोसेस करून घेतला तरी जबाबदारी तुमचीच. करारात लिहून घ्या: डेटा कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार, घोळ झाला तर किती वेळात कळवणार. सर्ट-इनचा (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश सहा तासांत रिपोर्ट मागतो आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगतो, वेंडरने तुम्हाला दोन दिवसांनी सांगितलं तर तुम्ही काय करणार?

माझं मत विचाराल तर साठ मेलबॉक्सला आधी बिझनेस प्रीमियमचा भाव काढा. त्यात डिफेंडर फॉर ऑफिस ३६५ येतो, सप्लायरची डोमेनं यादीत टाकली की त्यांच्यासारखी दिसणारी डोमेनं तो पकडतो. एमएक्सला हात लावायची गरज नाही.

रोडनंबर२२
@घोडबंदरकर हे बरोबर आहे, दोन्ही कोटेशन शेजारी ठेवायला हवीत. फक्त एक, सप्लायरचा मेलबॉक्सच हॅक झाला असेल आणि त्यातूनच खातं बदलायचा मेल आला तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं पास, ना फिल्टर पकडणार ना डिफेंडर. तिथे एकच उपाय, मेलमधल्या नंबरवर नाही तर तुमच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन. पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), बँक उघडायची वाट बघायची नाही.

रबाळे_आयटी
सगळ्यांचे आभार, आज वेंडरला विचारलं तो ३६५ चा मूळ पत्ता कोण बंद करणार, तर म्हणाला सर ते तुमच्या साइडचं आहे. म्हणजे कोटेशनमध्ये नव्हतंच. प्रीमियमचा भाव मागवलाय. पण समजा फिल्टरच घेतला आणि तो पार्टनर कनेक्टर लावला, तर आमचा झेरॉक्स-स्कॅनर सरळ त्याच पत्त्यावर स्कॅन मेल करतो, लॉगिन न करता, तो बंद पडणार ना?

रोडनंबर२२
पडणार, आणि पहिला फोन मालकांच्या केबिनमधूनच येणार. तुमचा स्टॅटिक आयपी असेल तर त्या आयपीसाठी वेगळा कनेक्टर कर, हा मात्र ऑन-प्रिमायसेस टाइपचा. स्टॅटिक नसेल तर स्कॅनर फिल्टरच्या आउटबाउंडमधून फिरव. शनिवारी जायच्या आधी एक पान स्कॅन करून बघ.