जुन्या सिटकॉममधली समलिंगी पात्रं: कॉलेजच्या दोन तासांत कोणते भाग दाखवावेत?

तापीकाठ, जळगाव

राम राम मंडळी. कॉलेजच्या फिल्म क्लबतर्फे पुढच्या महिन्यात जुन्या विनोदी मालिकांतल्या समलिंगी पात्रांवर दोन तासांचा कार्यक्रम ठरतोय. बघणारे बीए-एमएचे साठेक विद्यार्थी, बरेचसे यावल, चोपडा, रावेरकडून एसटीनं येणारे. 'फ्रेंड्स' बहुतेकांनी पाहिलंय, त्याआधीचं अमेरिकन-ब्रिटिश काहीच नाही. इंग्रजी कळतं, पण भराभर बोललं की सुटतं.

कोणते भाग घ्यावेत आणि कुठल्या क्रमानं? 'थ्रीज कंपनी' दाखवावी, की त्यानं उलटाच परिणाम होईल? आणि चर्चा 'हे चालतं, हे चालत नाही' एवढ्यावरच अडकू नये म्हणून काय करता येईल? पाचला सुरू करून सातला सोडायचंय, नंतर गावाकडच्या गाड्या कमी होतात.

धुळेकर

भाऊ, 'यात समलिंगी पात्र आहे' एवढ्यावर भाग निवडू नका. सिटकॉममध्ये हशा कुणावर पिकतो ते बघा. पात्र चांगलं रंगवलंय की वाईट, यावर मुलं तासभर भांडतील आणि हाती काही लागणार नाही. हशा मात्र मोजता येतो.

सुरुवात 'ऑल इन द फॅमिली'नं करा. अमेरिकेतलं सीबीएस चॅनल, ९ फेब्रुवारी १९७१, पहिल्या सीझनचा पाचवा भाग, 'जजिंग बुक्स बाय कव्हर्स'. मालिकेचा हेकट नायक आर्ची बंकर जावयाच्या नाजूक मित्राची, रॉजरची, टर उडवत असतो. रॉजर समलिंगी नसतोच. समलिंगी असतो आर्चीचा बारमधला दोस्त स्टीव्ह, धिप्पाड माजी फुटबॉलपटू, आणि तो हे सांगतो पंजा लढवताना. आर्चीला शेवटपर्यंत पटत नाही. मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, त्यामुळे हशा जिवंत आहे. पूर्वार्धात लोक आर्चीबरोबर रॉजरला हसतात, उत्तरार्धात आर्चीला. हे वळण कुठे येतं ते मुलांनाच शोधायला लावा.

दाखवण्याआधी दोनच गोष्टी सांगा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती डिसेंबर १९७३ मध्ये, म्हणजे हा भाग त्याच्याही आधीचा. आणि याच भागावर खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन व्हाइट हाऊसमध्ये सहकाऱ्यांजवळ चडफडल्याचं मे १९७१ चं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. यापलीकडे प्रस्तावना लांबवू नका.

दुसरा 'चीअर्स', 'द बॉईज इन द बार', जानेवारी १९८३. बारमालक सॅमचा जुना बेसबॉल सहकारी आपण समलिंगी असल्याचं जाहीर करतो, आणि आता बार 'त्यांचा' होईल म्हणून रोजची गिऱ्हाइकं धास्तावतात. 'संशयित' वाटणाऱ्या अनोळखी माणसांना ती हुसकून लावतात. खरे समलिंगी दोघं त्यांच्याच घोळक्यात उभे असतात आणि शेवटी नॉर्म या रोजच्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही गालांचा मुका घेतात. घाबरणाऱ्यांचीच फजिती.

तिसरा 'द गोल्डन गर्ल्स', 'इझंट इट रोमँटिक', नोव्हेंबर १९८६. डोरोथी, रोझ, ब्लांश या एका घरात राहणाऱ्या वयस्कर मैत्रिणी. डोरोथीची कॉलेजातली मैत्रीण जीन, जोडीदारीण वारलेली, पाहुणी म्हणून येते आणि रोझच्या प्रेमात पडते. ब्लांशला राग कशाचा, तर जीनला आपण सोडून रोझ आवडली याचा! हशा ब्लांशच्या आत्मप्रौढीवर, जीनच्या दुःखावर एकही नाही. दिग्दर्शक टेरी ह्यूजना या भागासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. मुलं थकलेली असली तरी हा शेवटी चालतो, रचना इतकी घट्ट आहे.

तिन्ही मिळून साधारण सव्वा तास, उरलेला पाऊण तास चर्चेला.

'थ्रीज कंपनी' पूर्ण भाग नको. तीन मिनिटांची क्लिप पुरे. जॅक ट्रिपर समलिंगी नाहीच. दोन मुलींबरोबर राहता यावं म्हणून घरमालकासमोर नुसतं सोंग. लेखकांचा नेम घरमालकाच्या अडाणीपणावर असेलही, पण लोक हसतात ते मनगट लुळं करून केलेल्या नकलेला. अख्खा भाग दाखवलात तर दुसऱ्या दिवशी तीच नक्कल वर्गातल्या एखाद्या मुलावर केली जाईल.

सातपुड्याची_लेक, नंदुरबार

धुळेकर दादा, यादी चांगली आहे, पण या तिन्ही भागांत समलिंगी माणूस पाहुणा आहे. येतो, घरच्यांना धडा देतो, पुढच्या आठवड्यात गायब. त्या काळाची हीच चाल होती. ती मुलांना दिसायची असेल तर मुक्कामी राहिलेलं एक तरी पात्र हवं.

त्यासाठी 'सोप'. एबीसी चॅनल, १९७७ ते १९८१, बिली क्रिस्टलचा जोडी डॅलस. मालिका सुरू होण्याआधीच चॅनलकडे निषेधाची जवळपास ३२ हजार पत्रं आली होती. नुसत्या धर्मसंस्थाच नाहीत, समलिंगी संघटनाही नाराज होत्या, कारण पहिल्या सीझनमध्ये जोडी फुटबॉलपटू प्रियकरासाठी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करायला निघतो. म्हणजे पुरुषावर प्रेम करणं आणि स्त्री असणं, दोन्हींची खिचडी. पुढे लेखकांनी ती शस्त्रक्रिया सोडून दिली, आणि नंतरच्या सीझनमध्ये जोडी मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात लढणारा बाप झाला. पहिल्या सीझनमधली पाच मिनिटं आणि कोर्टातली पाच मिनिटं शेजारी शेजारी लावा.

आपल्याकडे हे मुद्दाम दाखवायला हवं. तमाशातला नाच्या, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात साडी नेसून आलेला नट, रेल्वेत भेटणारे तृतीयपंथी आणि समलिंगी माणूस, या चौघांना आपला प्रेक्षक एकाच पोत्यात भरतो. म्हणून एक तुकडा बेव्हर्ली लासालचाही घ्या, पुन्हा 'ऑल इन द फॅमिली'तलाच. बेव्हर्ली रंगमंचावर स्त्रीवेश करणारा कलाकार. ती भूमिका लोरी शॅनन या नावानं स्त्रीवेशात कार्यक्रम करणाऱ्या कलाकारानंच केली. १९७५ च्या भागात आर्ची टॅक्सीत तिला तोंडानं श्वास देतो आणि नंतर वेश कळल्यावर हादरतो. डिसेंबर १९७७ मध्ये मात्र बेव्हर्लीचा रस्त्यात खून होतो आणि आर्चीच्या बायकोची, एडिथची, देवावरची श्रद्धा डळमळते. हा दुसरा भाग चर्चेआधी दाखवू नका, सभागृह गप्प होतं आणि कुणी तोंड उघडत नाही.

ब्रिटिश हवंच असेल तर बीबीसीची 'आर यू बीइंग सर्व्हड' (१९७२ ते १९८५). त्यातला मिस्टर हम्फ्रीज समलिंगी आहे असं मालिका कधीच थेट म्हणत नाही, सगळा कारभार द्व्यर्थी बोलण्यावर. मराठी सबटायटलमध्ये त्यातलं निम्मंही उतरत नाही, म्हणून तुमच्या दोन तासांत माझं मत नाही.

फेकपूर_प्रोजेक्टर

निवडीवर दोघं बोलले, आता सोय बघा. बहुतेक कार्यक्रम इथंच फसतात.

ओटीटी ॲपवरून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला तर अनेकदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. जुना प्रोजेक्टर किंवा स्वस्त कन्व्हर्टर एचडीसीपी (चित्राची चोरी रोखणारं कुलूप) मानत नाही म्हणून. शिवाय ॲपच्या अटी घरगुती वापरापुरत्या असतात. डीव्हीडी बरी, पण डीव्हीडी ठरलेल्या प्रदेशातच (रीजन) चालते, अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची, भारत रीजन ५ मध्ये. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, मग कायमचा अडकतो. तेव्हा चाचणीच्या नादात बदलत बसू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली शैक्षणिक संस्थेची सवलत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट जोडलेल्या लोकांपुरतीच आहे. तिकीट लावू नका, फेसबुकवर 'सर्वांना खुले' असं टाकू नका.

चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात, म्हणजे ४:३ मध्येच ठेवा, रुंद पडदा भरायला ताणू नका. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेत. छताचे स्पीकर वापरले की घुमणाऱ्या हॉलमध्ये मुद्रित हशा पुढच्या वाक्यावर सांडतो आणि विनोद कळतच नाही. पाच वाजता पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन पडद्यावर येतं, तेव्हा आधीच्या दिवशी त्याच वेळी जाऊन बघा.

मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर एसआरटी फाइल (सबटायटलची मजकूर फाइल) सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं. विनोदाचा शेवट बोलण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका, मुलं नटाच्या आधीच हसून मोकळी होतात आणि धुळेकरांची मोजणी बिघडते.

तापीकाठ, जळगाव

आभार मंडळी. मोजणी नेमकी कशी घ्यायची? आणि 'फ्रेंड्स' अजिबातच नको का? पोरांना तेच ओळखीचं आहे.

धुळेकर

मोजणीला अर्ध्या पानाचा कागद, चार रकाने: मिनिट, कोण बोललं, हशा कुणावर, हशा मोठा की बारका. सगळ्यांना सगळा भाग मोजायला लावू नका, दमतात. पाच-पाच मिनिटं वाटून द्या आणि प्रत्येक तुकडा दोन गटांना द्या. दोन्ही गटांचा 'कुणावर' हा रकाना जिथे जुळत नाही, तिथून चर्चा सुरू करा. कुणाचं वैयक्तिक मत विचारावंच लागत नाही. 'तुमच्यापैकी कुणी असं आहे का' हा प्रश्न तर चुकूनही नको. साठ जणांत कुणी ना कुणी असणारच, आणि त्याला त्याच गाडीनं गावी जायचंय.

'फ्रेंड्स' घरी करायला द्या. १८ जानेवारी १९९६ चा, रॉसची आधीची बायको कॅरल आणि तिची जोडीदारीण सूझन यांच्या लग्नाचा भाग. नवऱ्या मुलींचं चुंबन त्यात नाही, तरी टेक्सास आणि ओहायोतल्या एकेका स्थानिक केंद्रानं तो दाखवला नाही. त्यात रॉसवरचे आणि कॅरल-सूझनवरचे विनोद वेगळे मोजायला सांगा. तुलनेला २००१ मधला चँडलरच्या वडिलांचा भाग. ते पात्र पारलिंगी स्त्री असूनही सगळे तिला 'वडील' म्हणत राहिले, याबद्दल निर्मात्या मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला आहे.

सातपुड्याची_लेक, नंदुरबार

आणि 'एलेन' पहिल्या दिवशी कोंबू नका. 'द पपी एपिसोड', ३० एप्रिल १९९७, दोन भागांचा, पाऊण तासाचा. विमानतळाच्या माइकवर 'मी गे आहे' हे चुकून सगळ्यांना ऐकू जातं, तो प्रसंग रंगतो कारण नटी एलेन डीजेनरस हिनं स्वतः समलिंगी असल्याचं त्याच महिन्यात टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून जाहीर केलं होतं. जवळपास ४.२ कोटी लोकांनी तो पाहिला, आणि पुढच्याच वर्षी मालिका बंद पडली. त्याला वेगळी संध्याकाळ द्या. सोबत 'विल अँड ग्रेस'चा सप्टेंबर १९९८ चा पहिला भाग लावा, दोन्हींत अंतर जेमतेम दीड वर्षाचं आहे.