नव्या संगणकात उबुंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

प्रश्न (चोपडा):
नमस्कार. आमच्या जिनिंगचा हिशेब आणि काटापावत्या अनेक वर्षे उबुंटू २०.०४ या लिनक्स प्रणालीवर चालतात. हंगामाआधी इंटेलच्या १२व्या पिढीचा नवा संगणक घेतला आणि २०२० साली तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरूनच उबुंटू टाकायला बसलो. डिस्क निवडण्याच्या पानावर फक्त पेन ड्राइव्ह दिसतो, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही. विंडोज मात्र त्याच डिस्कवरून सुरळीत सुरू होते. दुकानदाराच्या मते या संगणकावर लिनक्स चालणारच नाही. हे खरे आहे का?

उत्तर (भुसावळ):
दादा, हे खरे नाही. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये ५.४ कर्नल (उपकरणे चालवणारा लिनक्सचा गाभा) आहे आणि १२वी पिढी बाजारात आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. कर्नल प्रत्येक उपकरण त्याच्या पीसीआय क्रमांकावरून ओळखतो, त्यामुळे जो क्रमांक तेव्हा अस्तित्वातच नव्हता तो ५.४ च्या यादीत असणार कुठून? शिवाय अशा अनेक संगणकांत बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) व्हीएमडी हा डिस्क हाताळण्याचा इंटेलचा पर्याय आधीपासून चालू असतो. मग एसएसडी थेट न दिसता व्हीएमडी कंट्रोलरच्या आड जाते, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागला नाही तर डिस्क असून नसल्यासारखी होते. लाइव्ह सत्रात (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूत) टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून पाहा. 'व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस' अशी ओळ दिसली तर कारण हेच. उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ कर्नल आहे, तो या पिढीचा व्हीएमडी आणि ग्राफिक्स दोन्ही ओळखतो.

उत्तर (धुळे):
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी घाईने बंद करू नका, कारण विंडोज त्याच मार्गाने बसवलेले असेल तर ते सुरूच होणार नाही. विंडोज ठेवायचे असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, विंडोजमध्ये सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू होणे) निवडा, मग व्हीएमडी बंद करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज सुरू होऊ द्या आणि नंतर सेफ बूट काढून टाका. हिशेबाची प्रत या सगळ्याच्या आधी बाहेरच्या डिस्कवर हवी.

आणखी एक गोष्ट, कारण 'नवा कर्नल टाकला की सगळे चालते' हा समज मला महागात पडला आहे. २०२३ मध्ये आमच्या प्रयोगशाळेतील जुना सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवरून अल्मालिनक्स ९ वर नेताना रेड कार्डामागच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डामागच्या) सर्व डिस्क गायब झाल्या. मूळ कर्नलमध्ये त्या कार्डाचा आधार शाबूत होता. रेड हॅटने (अल्मा जिच्या लिनक्सवर बेतलेली आहे त्या कंपनीने) आपल्या आवृत्तीतील ड्रायव्हरांतून काही जुन्या कार्डांचे क्रमांक वगळले होते. अल्माने मे २०२४ च्या ९.४ मध्ये अशी बरीच कार्डे परत चालू केली. म्हणून सर्व्हर हलवण्यापूर्वी 'एलएसपीसीआय -एनएन' मधला क्रमांक टिपून नव्या वितरणात तो आहे का, हे तपासावे.

प्रश्नकर्ता (चोपडा):
भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. एलएसपीसीआयमध्ये तीच ओळ होती. विंडोज ठेवायचे असल्याने व्हीएमडीला हात लावला नाही, २४.०४ चा पेन ड्राइव्ह बनवला आणि इन्स्टॉलरमध्ये डिस्क लगेच दिसली. विंडोजचे विभाजन लहान करून उबुंटू शेजारी बसवले आहे. काट्याचा प्रिंटर आज संध्याकाळी जोडून पाहतो.